मॉरिशसमध्ये भाड्याची गाडी स्वतः चालवायची आहे? पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी सोसायटीत, ऑफिसात, नात्यागोत्यात मला हेच प्रश्न विचारले जातात. आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको आणि दोन मुलं, दोनदा मॉरिशसला गेलो. पहिल्यांदा टूरच्या बसमधून बेट पाहिलं, दुसऱ्यांदा स्वतः गाडी चालवून. खालची उत्तरं दुसऱ्या सहलीतून आणि तिच्या आधी केलेल्या तयारीतून आलेली आहेत.

परदेशात पहिल्यांदाच गाडी चालवणार आहे. मॉरिशस जमेल का?

जमेल. माझ्या मते पुण्याहून जाणाऱ्या माणसाने सुरुवात इथूनच करावी. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, स्टिअरिंग उजवीकडे. उजव्या बाजूच्या देशात पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर जो घोळ होतो, तो इथे नाही. बेट लहान आहे, जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. चुकलात तरी तासाभरात समुद्र लागतोच. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि जाण्याआधी भरलेला ऑनलाइन प्रवास-फॉर्म मात्र लागतो.

आणि टोल नाही, एकही नाही. एक्स्प्रेसवेने मुंबई गाठून विमानात बसलेल्या माणसाला हे विशेष जाणवतं.

टॅक्सी किंवा टूर सोडून गाडीच का घ्यायची?

थांबता यावं म्हणून. टूरची बस शामारेलला चाळीस मिनिटं देते. सात रंगांची माती बघायची, धबधब्यापुढे फोटो काढायचा की चला. आम्ही गाडीने गेलो तेव्हा खाली येताना रस्त्याकडेला एक बाई अननस सोलून, मीठ-मिरची लावून विकत होत्या. तिथे आम्ही पाऊण तास बसलो. धाकटीला तो डोंगर आणि तो अननसच आठवतो, रंगीत माती आठवत नाही.

पण सात दिवसांची सहल असेल तर सातही दिवस गाडी घेऊ नका. तीन किंवा चार दिवस पुरतात. उरलेले दिवस समुद्रावर जातात आणि त्या दिवसांचं भाडं गाडी हॉटेलच्या आवारात उभी ठेवण्यासाठी भरावं लागतं. रोज अडीचशे किलोमीटर तोडून सगळं ‘कव्हर’ करायचा बेत असेल, तर ड्रायव्हरसह टॅक्सी बरी, कारण तुमचं लक्ष बाहेर असायला हवं.

पुण्याचं लायसन्स तिथे चालतं का? इंटरनॅशनल परमिट काढावंच लागतं का?

थोड्या दिवसांसाठी आलेल्या पर्यटकाला स्वतःच्या देशाच्या लायसन्सवर तिथे गाडी चालवता येते, आणि आपल्या स्मार्ट कार्डावर सगळं इंग्रजीत असतं. तरीही इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढूनच जा. काउंटरवरचा माणूस मागू शकतो, पोलिसाला ते वाचायला सोपं जातं आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला कागदात खोट काढायला जागा उरत नाही.

परमिट आपल्या आरटीओकडूनच मिळतं. तुमचा पत्ता ज्या कार्यालयाखाली येतो तिथे, म्हणजे पुणेकरांनी संगम पुलाजवळ एमएच-१२ ला आणि पिंपरी-चिंचवडकरांनी एमएच-१४ ला. अर्ज सारथी पोर्टलवर भरायचा, फी १,००० रुपये. लायसन्स, पासपोर्ट, तिकीट जोडायचं. ऑगस्ट २०२२ मध्ये नियम सुटसुटीत झाले. ज्या देशात पोहोचल्यावर व्हिसा मिळतो त्यासाठी अर्जासोबत व्हिसा मागत नाहीत, आणि लायसन्स चालू असेल तर वेगळं मेडिकल सर्टिफिकेटही लागत नाही. परमिटची मुदत एक वर्ष किंवा तुमच्या लायसन्सची मुदत, जे आधी संपेल ते. म्हणून आधी लायसन्स कधी संपतंय ते बघा.

परमिट म्हणजे लायसन्स नव्हे, लायसन्सची जोड. मूळ कार्ड सोबत हवंच. डिजीलॉकरमधली प्रत इथे सिग्नलवर दाखवता येते, तिकडच्या काउंटरवर तिचा उपयोग नाही.

कोण चालवू शकतं? बाबा रिटायर झालेत, ते चालवतील का?

बहुतेक कंपन्यांना ड्रायव्हर २१ किंवा २३ वर्षांच्या पुढचा लागतो आणि लायसन्सला किमान एक-दोन वर्षं झालेली लागतात. काहींकडे वरची मर्यादाही असते, सत्तरच्या आसपास. बाबा चालवणार असतील तर बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

जो जो स्टिअरिंगवर बसणार त्याचं नाव करारात हवं. “मी दमलो, थोडा वेळ तू घे” असं म्हणून नाव नसलेल्याने गाडी चालवली आणि नेमकी तेव्हाच ठोकली, तर विमा गेला असं समजा.

भाडं किती पडतं? बुकिंग कधी करावं?

छोटी हॅचबॅक मोसमाप्रमाणे रोज साधारण ₹२,५०० ते ₹४,५०० मध्ये मिळते. डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीचा पहिला आठवडा सर्वांत महाग. त्या काळात ऑटोमॅटिक गाड्या आधी संपतात, म्हणून क्लच-गिअरची सवय सुटलेल्यांनी दोन महिने आधी बुक करावं. एरवी तीन-चार आठवडे पुरतात.

चार माणसं आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर अगदी लहान गाडीची डिकी पुरत नाही. एक आकार वरचा घ्या. आणि फार स्वस्तात, कुणाच्या तरी ओळखीने, करार न करता मिळणारी खासगी गाडी घेऊ नका. भाड्याने द्यायचा परवाना नसलेल्या गाडीचा विमा तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

डिपॉझिटचा काय प्रकार असतो?

पैसे कापत नाहीत, क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात. गाडी धड परत आली की मोकळे करतात, पण बँकेकडून ते तुमच्या मर्यादेत परत दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. पुढच्या हॉटेलचं बिलही त्याच कार्डावर भरायचं असेल तर हिशेब आधी करा.

कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं. बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचं लायसन्स, हे चालत नाही. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. आणि निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते मुळात बंदच असतात. रात्री दीड वाजता परक्या विमानतळावर ओटीपीसाठी पुण्याच्या सिमला रेंज मिळण्याची वाट बघत उभं राहणं फार वाईट.

विम्यातलं काहीच कळत नाही. नेमकं काय विचारायचं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

भाड्यात जो विमा धरलेला असतो त्यात बहुतेक वेळा ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ असतं. नावावरून वाटतं की गाडी ठोकली तरी आपल्याला काही भरायचं नाही. तसं नसतं. नुकसानीतला पहिला हिस्सा, ज्याला ते ‘एक्सेस’ म्हणतात, तो तुमच्या खिशातून जातो. समजा एक्सेस ५०,००० रुपये आहे. बंपर बदलायला ३०,००० लागले तर सगळे तुम्ही भरायचे. नुकसान दोन लाखांचं असेल तर तुमचे ५० हजार आणि वरचे विम्याचे. डिपॉझिट जवळपास या एक्सेसइतकंच असतं, त्यातला अर्थ हाच.

काउंटरवर रोज थोडे जादा पैसे घेऊन एक्सेस कमी करून किंवा शून्य करून देतात. मी ते घेतो. चार दिवसांसाठी लागणारी रक्कम पुण्यातल्या एका चांगल्या जेवणाइतकी असते आणि अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की तिची किंमत कळते. पण घेण्याआधी एक प्रश्न विचारा: “टायर, काचा, आरसे आणि गाडीचा खालचा भाग यात येतो का?” बरेचदा येत नाही. आणि नेमकं तेच फुटतं.

आमचं तेच झालं. दक्षिण किनाऱ्यावर समोरून येणाऱ्या बसला वाट द्यायला मी गाडी डावीकडे घेतली. कडेला उघडं गटार होतं. चाक आत गेलं नाही, पण दगडी कठड्यावर घासून टायरची बाजू फाटली. मी ‘फुल’ कव्हर घेतलं होतं आणि टायर त्यात नव्हता. नवा टायर आमच्या पैशाने आला. कराराच्या दुसऱ्या पानावर तसं स्पष्ट लिहिलं होतं आणि मी ते पान न वाचता सही केली होती.

भारतातून काढलेल्या प्रवास विम्याच्या काही पॉलिसींत भाड्याच्या गाडीचा एक्सेस धरलेला असतो, काहींत नसतो. पॉलिसीच्या मजकुरात तो शब्द शोधा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

विमानतळावर उतरल्या उतरल्या गाडी घ्यावी का?

नको. पुण्याहून मुंबई, विमानतळावरचे तीन-चार तास, मग सहा तासांचं उड्डाण. घड्याळ दीड तास मागे जातं, पण शरीर पुण्याच्याच वेळेवर असतं. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि उत्तरेकडचं ग्राँ बे तिथून सत्तर किलोमीटरच्या आसपास. झोप न झालेल्या माणसाने अनोळखी गाडी घेऊन हे अंतर कापू नये. पहिल्या दिवशी टॅक्सीने हॉटेल गाठा, झोपा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हॉटेलवर मागवा. अनेक कंपन्या आणून देतात.

गाडी ताब्यात घेताना काय तपासायचं?

भरपूर उजेडात घ्या. चारही बाजूंनी सलग व्हिडिओ काढा, त्यात छप्पर, चारही रिम, समोरची काच, आतली सीट आणि डॅशबोर्डवरचे किलोमीटर व पेट्रोलचा काटा येऊ द्या. कंपनीच्या कागदावर डेंट आणि स्क्रॅच खुणेने दाखवलेले असतात. तुम्हाला दिसलेला एखादा राहिला असेल तर तो त्यांच्याच हाताने लिहून घ्या आणि मगच सही करा. देणारा माणूस घाईत असतो, “इट्स ओके” म्हणतो. तरी थांबा.

स्टेपनी आहे का आणि तिच्यात हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, वायपर चालतो का, एसीचा काच साफ करणारा झोत चालतो का, हे बघा. शेवटचा मुद्दा पावसात फार लागतो.

रस्ते कसे आहेत? आपल्याला सगळ्यात अवघड काय जाईल?

विमानतळापासून राजधानी पोर्ट लुई आणि पुढे ग्राँ बेपर्यंत चांगला, दुभाजक असलेला मोटारवे आहे. तिथली कमाल मर्यादा ताशी ११० आहे, पण मध्येमध्ये ती ८०-९० वर येते आणि नेमके तिथेच कॅमेरे असतात. गावांत ४० ते ६०.

पुणेकराला सर्वांत अवघड जातं ते गोल चक्कर. ती पावलोपावली आहेत. आपल्याकडे चौकात ज्याचं नाक आधी घुसलं त्याची वाट. तिथे चक्रात असलेल्या, म्हणजे तुमच्या उजवीकडून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, आणि सगळे ते पाळतात. तुम्ही घुसलात तर समोरचा ब्रेक मारेल असं धरून चालू नका, कारण तुम्ही घुसाल अशी त्याची अपेक्षाच नसते.

दुसरी गोष्ट ट्राम. पोर्ट लुई ते क्यूरपिप मेट्रो एक्स्प्रेस धावते, आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधलेली. पुण्याची मेट्रो डोक्यावरून किंवा जमिनीखालून जाते, ही बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्या पातळीवरून जाते. क्रॉसिंगवर सिग्नल लाल असेल तर रिकामं दिसलं तरी थांबायचं.

किनाऱ्याचे आणि आतले रस्ते अरुंद आहेत. दोन्ही बाजूंना ऊस, त्यामुळे वळणापलीकडचं दिसत नाही. कडेला पदपथ नाही, आणि ते उघडं गटार. जून ते डिसेंबर ऊसतोडणीचा हंगाम, तेव्हा उसाने लादलेल्या मोठ्या गाड्या संथ चालतात. पौड-मुळशीकडे किंवा बारामतीच्या रस्त्यावर ट्रॉलीमागे गाडी चालवलेल्याला त्याची सवय आहे. घाई करून ओव्हरटेक करू नका, पुढचं वळण जवळ असतं.

शामारेलचा चढ आणि प्लेन शांपान्यचा डोंगरी रस्ता वरंधा किंवा ताम्हिणी चालवणाऱ्याला सहज जमतो. उतरताना गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर नको.

अंधार पडल्यावर आतल्या रस्त्यांवर गाडी टाळा. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो. जून-जुलैत पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि अर्ध्या तासात गडद होतं. रस्त्यावर चालणारी माणसं, दिवे नसलेल्या सायकली आणि कुत्री असतात. पाच वाजता परतीला लागायचं, असा नियमच आम्ही केला होता.

कोणत्या महिन्यात जावं? तिथे पावसाळा कधी असतो?

पुणे विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेअठरा अंशांवर आणि मॉरिशस दक्षिणेला वीस अंशांवर, म्हणजे जवळपास आरशातलं प्रतिबिंब. ऋतू उलटे. आपल्या मे महिन्यात तिथे थंडी सुरू होते, हवा सुखाची असते. आपल्या दिवाळीत तिथे उन्हाळ्याची चाहूल लागते. गाडी चालवायला हे दोन्ही काळ उत्तम. आणखी एक गंमत ध्यानात ठेवा: वर्षाचा बराच काळ दुपारचा सूर्य तिथे उत्तरेला असतो. सूर्यावरून दिशा ओळखायची आपली सवय तिथे दगा देते.

पावसाचं गणित सह्याद्री माहीत असलेल्याला चटकन कळतं. आपल्याकडे वारे पश्चिमेकडून येतात, घाटमाथ्यावर पाऊस ओततात आणि पुणे पर्जन्यछायेत राहतं. तिथे वारे आग्नेयेकडून येतात. म्हणून पूर्व किनारा आणि मधलं पठार ओलं, पश्चिम किनारा कोरडा. क्यूरपिप साधारण पुण्याइतक्याच उंचीवर, साडेपाचशे मीटरवर आहे. तिथे धुकं आणि भुरभुर असताना तासाभरावर पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आँ फ्लाकला लख्ख ऊन असतं. थंडीत मुक्काम पश्चिमेला करा आणि पठारावर जाताना गाडीत जाकीट ठेवा.

नोव्हेंबर ते मे हा चक्रीवादळांचा काळ, त्यातही जानेवारी ते मार्च. इशाऱ्याच्या चार पायऱ्या असतात. तिसरी लागली की गाडी रस्त्यावर काढायची नाही. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईत अचानक पाणी भरलं आणि गाड्या वाहून गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ ची आंबिल ओढ्याची रात्र ज्यांनी पाहिली आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको.

चार दिवसांत कुठे कुठे जावं?

एक दिवस नैऋत्येला द्या आणि त्यात दुसरं काही घालू नका. शामारेल, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं जंगल, मग ल मॉर्नच्या पायथ्याशी समुद्र. ल मॉर्नचा कडा पळून गेलेल्या गुलामांच्या आसऱ्याची जागा म्हणून २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथून बे द्यू कापमार्गे सुयाकपर्यंतचा किनारा हा माझ्या मते बेटावरचा सगळ्यात सुंदर रस्ता. माकोंदेच्या वळणावर गाडी थांबवता येते. पुढे ग्री ग्रीला प्रवाळाची भिंत नाही, त्यामुळे लाटा थेट कड्यावर आपटतात. तिथे पोहायचं नाही, फक्त उभं राहून बघायचं.

एक दिवस उत्तरेला: पाम्प्लमूसची बाग, ग्राँ बे, आणि पोर्ट लुईत आप्रवासी घाट. १८३४ पासून करारावर आलेले भारतीय मजूर ज्या धक्क्यावर उतरले तो हा घाट. लहानशी जागा आहे, पण मुलांना घेऊन जाच. पोर्ट लुईत गाडी सकाळी नऊनंतर न्या आणि चारच्या आत बाहेर काढा.

गंगा तलाव पठारावर आहे, शंकराची १०८ फुटी मूर्ती लांबूनच दिसते. महाशिवरात्रीच्या आधीचे चार-पाच दिवस मात्र तिकडे गाडी नेऊ नका. हजारो भाविक पायी चालत असतात. आषाढीच्या वारीत दिवेघाटात जसं असतं, तसं समजा.

पेट्रोल आणि पार्किंग?

पेट्रोलचे दर सरकार ठरवतं, सगळ्या पंपांवर सारखेच. पंपावर माणूस भरून देतो. पेट्रोलला तिथे ‘एसाँस’ म्हणतात आणि डिझेलला ‘गाझॉइल’, हे दोन शब्द पाठ करा. चार दिवसांत आमचे साडेचारशे किलोमीटर झाले, एका टाकीत भागलं.

पोर्ट लुई, क्यूरपिप अशा शहरांत पार्किंगची कुपनं लागतात. ती पंपावर मिळतात, तारीख-वेळ नोंदवून काचेमागे ठेवायची. पिवळ्या रेघेवर गाडी लावू नका. समुद्रकिनाऱ्यावर गाडी लावताना सीटवर पिशवी, फोन, कॅमेरा काही दिसू देऊ नका.

अपघात झाला तर?

कुणाला लागलं असेल तर पोलिसांसाठी ९९९ किंवा ११२, रुग्णवाहिकेसाठी ११४. गाडी हलवू नका. फक्त पत्रा चेपला असेल आणि दोघांचं एकमत असेल, तर ‘ॲग्रीड स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स’ नावाचा छापील फॉर्म दोन्ही चालकांनी भरून सही करायची. तो डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे का, हे गाडी घेतानाच बघा. मग लगेच कंपनीला फोन. तिथल्या तिथे रोख देऊन मिटवू नका. कागद नसेल तर विमा काही देत नाही.

दारू घेतली असेल तर स्टिअरिंगला हात लावू नका. तिथली मर्यादा आपल्याहून कडक आहे.

लहान मुलं सोबत आहेत, आणि आम्ही शाकाहारी आहोत.

मुलांची सीट बुकिंगमध्येच मागा. सीट बेल्ट मागच्यांनीही लावायचा.

जेवणाची काळजी करू नका. रस्त्याकडेला ‘धोल पुरी’ मिळते, डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, सोबत डबल बीची भाजी आणि चटणी. पुरणपोळीच्या गोड नसलेल्या बहिणीसारखी लागते. तरी गाडीत भडंग आणि पाणी असू द्या, दक्षिण किनाऱ्यावर दुकानं विरळ आहेत.

तिथे मराठी माणसं भेटतात का?

भेटतात, आणि हे कुणी आधी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आहेत, पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागात बरेच. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. घरात आता क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेली तिथली बोली, बोलतात, पण आरत्या मराठीत म्हणतात. आम्ही एका छोट्या देवळापाशी थांबलो तेव्हा एका आजोबांनी आधी क्रिओलमध्ये, मग हिंदीत विचारलं, कुठून आलात. ‘पुणे’ म्हटल्यावर त्यांनी हात जोडले आणि सावकाश, शब्द शोधत म्हणाले, “आमचे पणजोबा रत्नागिरीचे.” बसमधून गेलो असतो तर ते भेटले नसते.

गाडी परत करताना?

विमान सुटण्याच्या चार तास आधी विमानतळाजवळ पोहोचा. टाकी जितकी भरलेली मिळाली तितकी भरून द्या, पंपाची पावती जपा. वाळू झटका, नाहीतर साफसफाईचे पैसे लावतात. पुन्हा तसाच व्हिडिओ काढा, कंपनीच्या माणसासमोर. ‘नुकसान नाही’ असं लिहिलेल्या कागदावर त्याची सही घ्या आणि डिपॉझिट कार्डावर परत येईपर्यंत तो कागद फाइलमध्ये ठेवा. आमचं सतराव्या दिवशी आलं, टायरचे पैसे वजा होऊन.